ज्यांच्यावर आरोप होत नाही

आफ्रिकेतल्या चेटकाचा विषय निघाला की आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाच्या तोंडून दोनच वाक्ये निघतात. पहिले असे, की हे लोक अजून अंधारात आहेत, युरोप यातून कधीच बाहेर पडला. दुसरे वाक्य जरा जास्त शिकलेल्या माणसाचे असते. तो म्हणतो, ही त्यांची संस्कृती आहे, तिला तिचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे, आपण बाहेरच्यांनी तिला नावे ठेवू नयेत. पहिल्या वाक्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात सौजन्य आहे. पण जिला चेटकीण ठरवून गावाबाहेर हाकलले तिच्यापाशी जाऊन उभे राहिले, तर दोन्ही वाक्ये सारखीच लांबची वाटतात. तिच्याविषयी त्यांतले एकही बोलत नाही.

‘आमची संस्कृती’ असे कोणी म्हणाले की त्यातले ‘आम्ही’ कोण, हे विचारण्याची सवय या पानांच्या वाचकाला आहे. परदेशी अभ्यासकाने ‘हिंदू माणूस असे मानतो’ असे लिहिले की आपण लगेच विचारतो, कोणता हिंदू? गाभाऱ्यातला की पायरीखालचा? मग परक्या समाजाविषयी वाचताना ही सवय का गळून पडते? आफ्रिकेतली एक सबंध जमात म्हणजे जणू एकच माणूस, अशा रीतीने आपण का वाचतो? हा प्रश्न हाताशी ठेवून मी या विषयावरची काही नावाजलेली पुस्तके पुन्हा वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

सुरुवात ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञापासून केली पाहिजे, कारण आफ्रिकेतल्या चेटकाविषयी आज जगात जे काही गंभीरपणे बोलले जाते ते त्याच्या वाटेनेच आलेले आहे. अझांदे लोकांमधले चेटूक, कौल आणि मंत्रविद्या या विषयावरचे त्याचे पुस्तक १९३७ साली निघाले. १९२६ ते १९३० या काळात तो सुमारे वीस महिने त्या लोकांत राहिला होता. त्याने पाहिलेला प्रदेश तेव्हा अँग्लो-इजिप्शियन सुदानमध्ये होता, आज तो दक्षिण सुदानमध्ये आहे. त्याच्या आधीच्या पाश्चात्त्य लेखनात ‘रानटी मनाला’ कार्यकारणभाव कळतच नाही असा सूर होता. इव्हान्स-प्रिचर्डने तो मोडून काढला. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

त्याचा कोठाराचा दाखला प्रसिद्ध आहे. धान्याचे कोठार लाकडी खांबांवर उभे असते. दुपारच्या उन्हात माणसे त्याच्या सावलीला बसतात. एखादे दिवशी ते कोसळते आणि खालची माणसे जखमी होतात. खांब वाळवीने पोखरले होते हे झांदे माणसाला आपल्याइतकेच पक्के ठाऊक असते. त्याचा प्रश्न त्यापुढचा असतो. वाळवीने खाल्लेले कोठार नेमके हीच माणसे खाली बसली असताना का पडले? युरोपीय माणूस याला योगायोग म्हणतो आणि गप्प बसतो. झांदे माणूस गप्प बसत नाही. तो म्हणतो, मांगू.

मांगूला मराठीत काय म्हणावे? आपल्याकडची करणी ही ‘केली’ जाते. लिंबू, बाहुली, केस, मंत्र, असे काहीतरी हाताने करावे लागते. मांगूचे तसे नाही. ही पोटातली वस्तू आहे, यकृताजवळ असते, मेल्यावर पोट चिरले तर दिसते असे ते लोक मानत. ती बापाकडून मुलाकडे आणि आईकडून मुलीकडे येते. ज्याच्या पोटात आहे त्याला ती असल्याचा पत्ता असेलच असे नाही. म्हणजे आपल्या शब्दांत हे करणीपेक्षा सातपुड्यातल्या ‘डाकिणी’च्या कल्पनेला जवळचे. दोष कृतीत नाही, देहात आहे, आणि जन्माने येतो. या ओळीवर आपल्या कोणाही वाचकाचे बोट थांबेल. पण घाईने समांतर रेषा ओढू नये. झांदे समाजात हा दोष एखाद्या जातीला कायमचा चिकटवलेला नव्हता. एकावर आरोप शाबीत झाला की तर्काने त्याचे सारे भाऊबंद चेटके ठरायला हवेत, पण तसे ते मानत नसत. प्रत्येक संकटापुरता दोषी नव्याने शोधला जाई.

शोधण्याचे साधन बेंगे, म्हणजे विषाचा कौल. कोंबडीच्या पिलाला विष पाजायचे, प्रश्न घालायचा, पिलू मेले की वाचले यावरून उत्तर घ्यायचे. आता हा कौल लावतो कोण ते पाहा. त्याला कोंबड्या लागतात, आणि विष फार लांबून आणावे लागते. स्त्रियांनी हा कौल लावायचा नाही. ज्या तरुणाकडे आणि गरिबाकडे कोंबड्या नाहीत त्याने वडीलधाऱ्याचे तोंड पाहायचे. आणि सर्व कौलांच्या वर राजाचा कौल. त्याच्यापुढे दाद नाही.

या पुस्तकातल्या एका मुद्द्यावर मात्र जितके थांबायला हवे होते तितके जग थांबलेले नाही. अवोंगारा हे अझांद्यांचे राजकुळ. निरनिराळ्या लोकसमूहांना जिंकून, त्यांना आपल्या भाषेत आणि रीतीभातींत ओढून या कुळाने अझांदे नावाचे लोक घडवले. या राजकुळातल्या कोणावरही चेटकाचा आरोप होत नसे. त्यांच्यातही कोणी चेटका असू शकेल ही गोष्ट सामान्य माणूस तत्त्वतः नाकारत नसे. पण तो आरोप करत नसे. राजाच्या वतीने मुलूख सांभाळणाऱ्या वजनदार माणसांवरही क्वचितच कोणी बोट ठेवी. इव्हान्स-प्रिचर्ड प्रामाणिक लेखक आहे. त्याने यातले काही लपवलेले नाही. त्याचे स्पष्टीकरण असे, की माणसाचे वैर बरोबरीच्याशी असते, शेजाऱ्याशी असते, आणि जिथे वैर तिथेच संशय जातो.

वैर राजाशी नसते? की राजाशी असलेल्या वैराला बोलण्यासाठी भाषाच ठेवलेली नसते? दुःखाचे कारण हुडकण्याची एवढी बारीक यंत्रणा एका समाजाने घडवली, आणि तिचे बोट आडवे फिरते, खाली वळते, वर मात्र कधीच जात नाही. हा योगायोग म्हणायचा काय? कोठार का पडले याचे उत्तर योगायोग या शब्दाने भागत नाही, हे तर याच ग्रंथाने आपल्याला शिकवले.

बरे, वर आता एकटा अवोंगारा राजाही उरला नव्हता. १९०५ मध्ये सरकारी फौजेच्या हातून ग्बुद्वे राजा मारला गेला आणि त्या मुलखावर साहेबाचा अंमल बसला. पुढे निद्रारोग आटोक्यात आणण्यासाठी सरकारने विखुरलेली घरे उठवून लोकांना रस्त्यांच्या कडेला दाटीने वसवले. मांगूचा जोर लांबवर पोचत नाही, म्हणून घराघरांत अंतर राखून राहणारी ही माणसे एकमेकांच्या अंगणात आणून टाकली गेली. ही वस्ती त्यांना नकोशी होती, आणि तिच्या नकोशेपणात चेटकाची धास्ती होतीच. दोष मात्र शेजाऱ्याच्या पोटात शोधायचा, वस्ती हलवणाऱ्या कचेरीत नाही. इव्हान्स-प्रिचर्डच्या संशोधनाला त्याच सुदान सरकारचे साहाय्य होते. तो कोणाचा हस्तक होता असे मला सुचवायचे नाही. तो कोठे उभा राहून पाहत होता एवढेच सांगायचे आहे. अझांद्यांनी आपल्याला वरिष्ठ म्हणून वागवले आणि न्यूअर लोकांनी बरोबरीचा म्हणून, असे त्याने स्वतःच पुढच्या एका ग्रंथात नोंदवले आहे. झांदे मुलखात असताना आपणही घरचे व्यवहार कौलावर चालवून पाहिले आणि ते ठीक चालले, असे तो लिहितो. खरे असेल. साहेबाचे घर कौलावर ठीकच चालणार. त्याच्यावर आरोप कोण करणार होते?

पुढे पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी या पुस्तकावरून मोठा वाद घातला. पीटर विंच याने १९६४ मध्ये असे मांडले की झांदे लोकांचे चेटूक आपल्या विज्ञानाच्या मापाने मोजणेच चूक आहे, प्रत्येक जीवनपद्धतीचे माप तिच्या आतच असते. बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले. वाद बुद्धिनिष्ठेविषयी होता. अझांदे तर्कशुद्ध आहेत की नाहीत? पण तर्कशुद्ध व्यवस्थाही अन्यायी असू शकते. मनुस्मृतीत तर्काची उणीव आहे असे कोणी म्हणेल काय? १९२७ साली महाडला ती जाळली ती तर्क चुकला म्हणून नव्हे.

आता युरोपकडे वळू, कारण पहिल्या वाक्याचा सारा दिमाख त्याच्या जिवावर आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपात चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. काही ठिकाणी उलटे होते, आइसलँडमध्ये मारले गेलेले बहुतेक पुरुष होते. आणि हे ‘अंधारयुगात’ घडलेले नाही. छापखाना आल्यानंतर घडले. चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि कबुलीजबाब कसा काढावा याचे हाइनरिख क्रामरचे कुप्रसिद्ध पुस्तक १४८६ च्या सुमारास छापून निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरच्या म्हाताऱ्या आईवर १६१५ मध्ये चेटकाचा आरोप आला. चौदा महिने ती कोठडीत होती. मुलाने कायद्याचा कीस काढून बचाव केला तेव्हा १६२१ मध्ये सुटली. ज्यांचा मुलगा केप्लर नव्हता त्यांचे काय झाले ते वरच्या आकड्यात आहे.

या छळाचा सर्वांत चांगला उलगडा इंग्लंडच्या बाबतीत अ‍ॅलन मॅकफार्लेन आणि कीथ थॉमस यांनी केला. पहिल्याचे पुस्तक १९७० चे, दुसऱ्याचे १९७१ चे. गंमत अशी की त्यासाठी त्यांनी आफ्रिकेच्या अभ्यासाचाच आरसा वापरला. एसेक्स परगण्यातल्या खटल्यांत एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. गरीब म्हातारी शेजारणीच्या दारात येते. थोडे दूध, थोडे यीस्ट, काहीतरी मागते. शेजारीण नाही म्हणते. म्हातारी पुटपुटत निघून जाते. दोन दिवसांनी त्या घरातले मूल आजारी पडते. आरोप होतो तो म्हातारीवर. जुन्या गावगाड्यात गरिबाला देणे हे कर्तव्य होते. नव्या व्यवहारात प्रत्येकाने आपापले पाहावे असे झाले. पण नकार देणाऱ्याच्या मनातली टोचणी गेली नव्हती, आणि ती टोचणी आपल्याच अंगणात ठेवण्यापेक्षा म्हातारीच्या पदरात बांधणे सोपे होते. नकार मिळालेल्या माणसाची भीती नकार देणाऱ्याला का वाटते, हे आपल्याकडे ज्यांनी भाकर मागितली आहे त्यांना कोणत्या पुस्तकातून शिकावे लागेल?

थॉमस-मॅकफार्लेन यांचा हा उलगडा सर्वत्र लागू पडत नाही, स्कॉटलंडला किंवा जर्मन संस्थानांना तर नाहीच. तिथे वरून चालवलेले खटले होते, छळ करून एका नावातून दहा नावे काढली जात. पण आरोपाची दिशा त्यातून स्पष्ट होते. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस या परगण्यात आना ग्योल्डी नावाच्या मोलकरणीचे १७८२ मध्ये डोके उडवले. ती एका प्रतिष्ठित वैद्याच्या घरी कामाला होती. त्या घरच्या मुलीच्या दुधात सुया आढळल्या आणि बोट मोलकरणीकडे गेले. निकालपत्रात न्यायाधीशांनी चेटूक हा शब्द टाळला. युरोप तेव्हा सुधारला होता ना! विषप्रयोग असा शब्द घातला. ग्लारुसच्या विधिमंडळाने २००८ मध्ये तिला निर्दोष ठरवले.

अशा युरोपने आफ्रिकेला कायदे दिले. इंग्लंडने १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हा रद्द केला आणि चेटकाची बतावणी करणे हा गुन्हा ठरवला. हीच दृष्टी घेऊन साहेब आफ्रिकेत उतरला. दक्षिण ऱ्होडेशियात १८९९ मध्ये, केनियात १९२५ मध्ये, टांगानिकात १९२८ मध्ये चेटूकविरोधी कायदे झाले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने १९५७ मध्ये तसाच कायदा केला. त्यांचा सर्वसाधारण रोख असा, की चेटूक खोटे आहे, म्हणून चेटकीण ठरवणारा, तिला हुडकून देणारा भगत आणि चेटूक करतो म्हणून मिरवणारा, हे सगळे गुन्हेगार. कागदावर हे ठीकच आहे. पण ज्याचे मूल मेले आहे त्याला काय दिसले? त्याला दिसले की गावची पंचायत ज्याचा बंदोबस्त करत होती त्या दुष्टाईला आता सरकारने अभय दिले. सरकार चेटकिणींच्या बाजूचे आहे. ज्या सरकारने जमीन घेतली, डोईपट्टी बसवली, खाणीत नेले, त्याच सरकारच्या तोंडून ‘चेटूक नसते’ हे वाक्य आले. ते वाक्य खरे होते. पण सांगणाऱ्यामुळे ते शत्रूचे वाक्य झाले.

महाराष्ट्रात २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर झाला, त्यातही एखाद्याला करणी-चेटूक करणारा म्हणून जाहीर करणे हा गुन्हा आहे. फरक हा, की तो वरून लादलेला नव्हता. त्याच्यामागे अनेक वर्षे गावोगाव फिरणारे कार्यकर्ते होते. हा फरक लहान नाही.

आपल्या चळवळीने काळ्यांच्या साहित्याशी नाते जोडले ते अमेरिकेच्या वाटेने. १९७२ मध्ये पँथर हे नावही आपण तिथूनच घेतले. म्हणून त्या वाटेवरची एक चेटकीण येथे आणली पाहिजे. तिचे नाव टिटुबा. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरातल्या मुली विचित्र वागू लागल्या, आणि ज्या पहिल्या तीन स्त्रियांवर आरोप झाला त्यांत पाद्र्याची ही गुलाम बाई होती. तिने कबुली दिली. मालकाने मारून कबुली घेतली असे तिने मागाहून सांगितल्याची नोंद आहे. कबुली देणारे जगले आणि नाकारणारे मेले, असा तो उफराटा न्याय होता. एकोणीस जणांना फाशी झाली. टिटुबा मात्र तेरा महिने तुरुंगात पडून होती, कारण तुरुंगाचा खर्च भरायला मालक तयार नव्हता. शेवटी कोणीतरी तो भरून तिला घेऊन गेला. कोण, ते कागदपत्रांत नाही.

त्या कागदपत्रांत टिटुबाला ‘इंडियन’ म्हटले आहे. तिने मुलींना जादू शिकवली असा पुरावा त्यांत नाही. आजारी मुलींच्या लघवीत पीठ कालवून भाकर करण्याचा आणि ती कुत्र्याला घालण्याचा जो तोडगा करण्यात आला तो एका गोऱ्या शेजारणीने सुचवलेला, अस्सल इंग्रजी तोडगा होता. पण पुढच्या लेखकांनी काय केले? लाँगफेलोच्या १८६८ च्या नाटकापासून तिचा वंश आणि तिची जादू बदलत गेली, आणि आर्थर मिलरच्या १९५३ च्या ‘द क्रूसिबल’मध्ये ती बार्बेडोसची काळी गुलाम झाली. रानात मुलींना नाचवणारी, मंत्र म्हणणारी. मिलरचे हे नाटक कम्युनिस्टांच्या नावाने चाललेल्या छळाविरुद्ध होते, आणि तो स्वतः १९५६ मध्ये चौकशी समितीपुढे ताठ उभा राहिला. त्याच्या धैर्याविषयी शंका नाही. पण पाहा, निरपराध गोऱ्या माणसांवर चेटकाचा खोटा आळ येतो हे सांगणाऱ्या नाटकात एका बाईने चेटूक खरोखर केलेले दाखवावे लागले, आणि ती काळी निघाली. इंग्लंडच्या खेड्यातून आलेली जादू गोऱ्यांच्या अंगावरून उतरवून आफ्रिकेच्या अंगावर चढवली गेली. पश्चिमेने आपला इतिहास असा स्वच्छ केला.

ग्वादलूपच्या मारीझ काँदे या लेखिकेने १९८६ मध्ये टिटुबेवर कादंबरी लिहिली. तिची टिटुबा स्वतः बोलते. गुलामांच्या जहाजावर आईवर झालेल्या बलात्कारातून ती जन्मते, वनौषधी शिकते, माणसे बरी करते, आणि विचारते की या विद्येला तुम्ही शिवी का देता. काँदेनेही तिला काळीच ठेवली, इतिहासाने सांगितलेली इंडियन केली नाही. पण मिलरच्या काळेपणात आणि काँदेच्या काळेपणात महदंतर आहे. एकात तो रंगभूमीवरचा अंधार आहे, दुसऱ्यात ती दावेदारी आहे. कादंबरी मध्येमध्ये सैल होते, नायिकेला आजच्या स्त्रीमुक्तीची भाषा बोलायला लावते. तरी ती मिलरच्या नाटकाच्या जोडीने अभ्यासमंडळांत वाचली गेली पाहिजे.

आजच्या पश्चिमेत चेटकीण हा भयाचा शब्द उरलेला नाही. १७३५ चा तो कायदा ब्रिटनने १९५१ मध्ये रद्द केला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर याने चेटूक हा एक जुना धर्म असल्याचे सांगणारे पुस्तक काढले. तेव्हापासून आपण होऊन ‘मी चेटकीण’ म्हणवणाऱ्या स्त्रिया तिकडे आहेत, आणि पुरुषसत्तेला आव्हान म्हणून त्या तसे म्हणवतात. सेलमच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ रोजी शेकडो वर्षांपूर्वीच्या बळींची माफी मागितली. यात चूक काही नाही. ज्या शब्दाने मारले तो शब्द उलटा करून छातीवर लावणे आपल्यालाही परिचित आहे. पण तो शब्द लावून घेणाऱ्याला रात्री आपल्या घरी झोपता आले पाहिजे.

आफ्रिकेत एकच एक दृष्टिकोन आहे असे मानणे हीच मोठी चूक. स्वतंत्र राज्यांनी वसाहतीचा कायदा काही ठिकाणी पार उलटा फिरवला. पीटर गेशिएर या डच अभ्यासकाने कॅमेरूनमधल्या माका लोकांविषयी जे लिहिले त्यात हे तपशिलाने येते. १९८० च्या आसपासपासून तिथल्या पूर्व प्रांतातली सरकारी न्यायालये भगताची साक्ष ग्राह्य धरून माणसांना चेटकाबद्दल तुरुंगात धाडू लागली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात चेटूक हा दंडसंहितेतला गुन्हाच आहे, आणि राजधानी बांगीजवळच्या बिंबो इथल्या महिला तुरुंगात त्या आरोपाखाली बाया डांबल्या गेल्या आहेत. गेशिएरचे म्हणणे असे की चेटूक हे जुन्याचे अवशेष नाही, ते आधुनिक राजकारणाची आणि नव्या पैशाचीही भाषा आहे. त्याच्या माका मुलखात पुढारी आणि नवश्रीमंतही संशयाच्या फेऱ्यात येतात. म्हणजे बोट वर जाऊ शकते. मग शिक्षा कोणाला होते? पुढारी अधिक जबर भगत गाठतो आणि त्याच्याविषयीची कुजबुज त्याचा दरारा वाढवते. संशय दोघांवर असतो, पण खेड्यातला माणूस तुरुंगात जातो.

आफ्रिकी लेखकांनीही आपला समाज एकसंध रंगवलेला नाही. चिनुआ अचेबेच्या १९५८ च्या पहिल्या कादंबरीत ख्रिस्ती मिशन गावात आले तेव्हा तिकडे प्रथम कोण गेले? ज्यांना गावात किंमत नव्हती ते. चार वेळा जुळी झाली आणि चारही वेळा ज्यांना रानात टाकावे लागले अशी एक बाई. आणि ओसू, देवाला वाहिलेले, ज्यांच्याशी सोयरीक होत नाही असे बहिष्कृत. अचेबे परक्या सत्तेचा कडवा टीकाकार होता. तरी त्याने हे लिहिले, आणि आपल्याच घरात कोण दाराबाहेर उभे होते ते झाकले नाही.

आता जे लिहायचे ते कार्यकर्त्यांना रुचणार नाही. १९८६ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडील सेखुखुनेलँड भागात तीसहून अधिक माणसे चेटकी म्हणून जाळली गेली. जाळणारे वर्णद्वेषी सरकारचे पोलीस नव्हते. ते स्वातंत्र्यासाठी लढणारे, एकमेकांना कॉम्रेड म्हणणारे शाळकरी तरुण होते. असे का झाले? १९५७ च्या कायद्याने मुख्यांना चेटकाचे खटले चालवायची बंदी होती. मुखी सरकारचे नोकर झाले होते. त्यामुळे गावाला दुष्टाईपासून वाचवणारा कोणी उरला नाही अशी भावना होती, आणि ती रिकामी जागा तरुणांनी घेतली. इसाक नीहाउस याने जवळच्याच लोफेल्ड भागाचा दीर्घ अभ्यास करून २००१ च्या पुस्तकात हे दाखवले आहे, की दुःखाचे निवारण करणारे म्हणून गावात मान्यता मिळवण्याचा तो मार्ग होता. सरकार चेटकिणींना पाठीशी घालते आणि सरकार शत्रू आहे, तेव्हा चेटकीण मारणे हेही क्रांतीचेच काम, असा हिशेब जुळून गेला. चळवळीच्या थोर नेत्यांना हे मान्य नव्हते. पण चळवळीच्या भाषेत ‘शत्रूला हुडकून काढा’ हे वाक्य होते आणि ते खालपर्यंत पोचताना म्हातारीच्या झोपडीपाशी थांबले. झोपडीतल्या म्हातारीला अवोंगारा काय आणि कॉम्रेड काय!

आणि पोट? टांझानियातल्या मेआतू जिल्ह्याचा अभ्यास करून एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवले की ज्या वर्षी अवर्षण किंवा अतिवृष्टी होते त्या वर्षी चेटकीण म्हणून होणारे खून दुप्पट होतात. मारल्या जाणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या स्त्रिया, मारणारे बहुतेक नातलग. त्या सुकुमा मुलखात लाल डोळे ही चेटकिणीची खूण मानतात. चुलीचा धूर जन्मभर डोळ्यांत गेला की ते लाल होतात. पुरुष चुलीपुढे बसत नाहीत. विज्ञानाने शंकासमाधान करून हे थांबेल असे ज्यांना वाटते त्यांनी पावसाचा आणि कोठीतल्या धान्याचाही विचार करावा. नायजेरियाचा लिओ इग्वे हा कार्यकर्ता आरोप झालेल्यांच्या बाजूने उभा राहण्यासाठी २०२० पासून एक संघटना चालवतो. तो पाश्चात्त्य अभ्यासकांवर रागावतो. त्याची तक्रार अशी, की आमच्याकडची चेटूकश्रद्धा तुम्ही समजून घेण्याची वस्तू करून ठेवली, ती थांबवण्याची वस्तू आहे हे तुम्हाला सुचत नाही. या रागात मला वर उल्लेखिलेल्या सर्व ग्रंथांची एका ओळीतली समीक्षा दिसते.

उत्तर घानामध्ये गंबागा नावाचे गाव आहे. गावोगावहून हाकललेल्या बाया तिथे आश्रयाला येतात, बहुतेक वयस्क, पुष्कळ विधवा. याबा बादो या घानाच्याच दिग्दर्शिकेने त्यांच्यावर २०१० मध्ये अनुबोधपट केला. तो पाहताना झांदे मुलखातला कौल आठवल्यावाचून राहत नाही. आलेल्या बाईसाठी कोंबडे कापून टाकतात. ते तडफडून पाठीवर पडून मेले तर बाई निर्दोष, तोंडावर पडून मेले तर चेटकीण. गावचा प्रमुख तिला आसरा देतो, तिची शक्ती बांधून ठेवतो, आणि ती त्याच्या शेतात राबते. निर्दोष ठरलेल्याही बऱ्याच जणी परत जात नाहीत. कोंबड्याचा कौल त्यांच्या गावाने मान्य केला तरी घर कोण परत देणार?

जुलै २०२० मध्ये घानाच्या काफाबा गावात नव्वद वर्षांच्या बाईला भर बाजारात चेटकीण म्हणून मारून टाकले. त्यावरून देशभर संताप उसळला. कोणाला चेटकीण म्हणणे आणि चेटकीण हुडकून देण्याचा धंदा करणे हा गुन्हा ठरवणारे विधेयक तिथल्या संसदेने जुलै २०२३ मध्ये संमत केले. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही. विधेयक ज्या रीतीने मांडले गेले ती घटनेशी सुसंगत नाही, असे त्यांनी कळवले.